भाजलेल्या मानेला सौंदर्य म्हणणाऱ्या साहेबांस

साहेब,

तुमचं नाव मला माहीत नाही. नामंजुरीच्या पत्राखाली 'अधिकृत स्वाक्षरीकर्ता' एवढंच छापलं होतं आणि त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की पत्र संगणकावर तयार झालेलं असल्यामुळे सहीची गरज नाही. कंपनीचं नाव मीही इथे घेत नाही. अशी पत्रं काही एकाच कंपनीतून निघत नाहीत, आणि माझं भांडण ज्या टेबलावर ती तयार होतात त्या टेबलाशी आहे. तिथे बसून तुम्ही माझ्या बहिणीच्या मानेवर 'कॉस्मेटिक' असा शेरा मारलात आणि पुढची फाइल उघडलीत. म्हणून हे पत्र तुम्हाला, आणि चारचौघांच्या देखत.

मी धुळ्याची, देवपुरात राहते. थोरली बहीण पारोळ्याला दिलेली. आम्ही तिला आक्का म्हणतो. आखाजी म्हणजे काय हे तुम्हाला बहुधा सांगावं लागेल. अक्षय्य तृतीयेला खान्देशात लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात आणि चुलीवर खापर उलटं घालून त्यावर पुरणाचे मांडे होतात. पोळी हातावर फिरवत फिरवत कोपरापर्यंत वाढवायची आणि अलगद खापरावर सोडायची. त्या आखाजीला आक्काच्या नणंदा आल्या होत्या आणि आक्का मागच्या अंगणात चुलीपुढे होती. मांडा सोडायला ती वाकली आणि पदर चुलीच्या तोंडाशी गेला. साडी सिंथेटिक होती. सुती कापड जळून राख होऊन पडतं. हे कापड वितळतं आणि कातडीला चिकटून बसतं. छाती, गळा, हनुवटी आणि उजवा दंड भाजला. घरच्यांनी गोधडी टाकून आग विझवली आणि महामार्गाने तिला थेट धुळ्याला आणलं.

त्या वेळी तुमच्या कंपनीने पैसे दिले, हे मी आधीच सांगून टाकते. कॅशलेस मंजूर झालं, थोडी कापाकापी झाली, पण बिल भरलं गेलं. आक्का जगली. मेहुण्यांनी एजंटला पेढे दिले. दरवर्षी दुकानाच्या गल्ल्यातून बाजूला काढून ठेवलेला हप्ता कामाला आला, असं ते येईल-जाईल त्याला सांगत होते.

मग जखम भरायला लागली. भाजलेली जखम भरते तेव्हा ती आवळते. भरून येणारी कातडी आपल्या आजूबाजूच्या कातडीला खेचत जाते, आणि मानेसारख्या जागी तिला खेचायला हनुवटीच सापडते. महिन्या-महिन्याला आक्काची हनुवटी खाली उतरत गेली. गळ्यावर दोरखंडासारखे कठीण पट्टे उभे राहिले. शेवटी शेवटी हनुवटी आणि छाती यांच्यात दोन बोटांची जागा उरली होती. खालचा ओठ उलटा होऊन बाहेर आला आणि तोंड मिटेना. पाणी प्यायची तर एका हातात पेला आणि दुसऱ्या हातात ओठाखाली रुमाल. वरण-भात खाताना अर्धा घास परत ताटात. झोपेत लाळ गळून उशी ओली व्हायची. माझ्याकडे राहायला आली होती तेव्हा वरच्या फळीवरचा डबा काढायला ती आधी दोन पावलं मागे जायची आणि कंबरेतून मागे वाकून वर बघायची, कारण मानेतून वर बघणं संपलं होतं. रस्ता ओलांडताना ती गाडी बघायला सगळं अंग वळवत असे. पारोळ्याच्या बसस्टँडवर तिला एकदा रिक्षाचा धक्का लागला तो यामुळेच.

याला डॉक्टर 'पोस्ट बर्न कॉन्ट्रॅक्चर' म्हणतात. तुमच्या पॅनेलवरच्या डॉक्टरांना हा शब्द नक्की ठाऊक आहे. त्यावर उपाय ठरलेला आहे: आवळलेली कातडी आडवी कापून मान मोकळी करायची, उघड्या पडलेल्या जागेवर मांडीची कातडी काढून लावायची, ती धरेपर्यंत मान हलू द्यायची नाही, आणि त्यानंतर कित्येक महिने कॉलर आणि दाब देणारे घट्ट कपडे घालायचे, नाहीतर ती पुन्हा आवळते. आमच्या डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती ऐकून मेहुणे गप्पच झाले. मान मागे जात नसेल तर भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणं फार अवघड होतं. उद्या तिला अपेंडिक्स झालं किंवा अपघात झाला तर ऑपरेशन टेबलावर पहिला प्रश्न तिच्या श्वासाचा उभा राहील. म्हणजे ही मान तशीच ठेवण्यात रोजचा त्रास होता आणि जिवाचा धोकाही होता.

हे सगळं डॉक्टरांनी प्री-ऑथच्या, म्हणजे ऑपरेशनआधी मंजुरी मागण्याच्या, अर्जात लिहिलं. तुमचे दावे हाताळणाऱ्या टीपीएकडून आधी क्वेरी आली, मग दुसरी क्वेरी, मग आधीच दिलेली कागदपत्रं पुन्हा मागणारी तिसरी. आणि मग तुमचं पत्र. इंग्रजीत दोन ओळी: सदर प्लास्टिक सर्जरी ही रूप बदलण्यासाठीची असून ती पॉलिसीत वगळलेली आहे. मेहुण्यांनी ते पत्र मला वाचून दाखवायला लावलं आणि आक्काला मराठीत सांगायला लावलं. ती ओठावर रुमाल धरूनच म्हणाली, "हाई काय नटानं काम शे का?"

साहेब, तुमच्याच पॉलिसीतलं ते कलम मी वाचलं. तुम्हीही वाचा. वगळलेल्या गोष्टींची भाषा प्रत्येक कंपनीची वेगळी, म्हणून विमा नियामक आयआरडीएआयने २७ सप्टेंबर २०१९ ला सगळ्यांसाठी एकच मजकूर घालून दिला आणि प्रत्येक कलमाला सांकेतिक क्रमांक दिला. रूप बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा क्रमांक आठवा, 'एक्सल ०८'. आजही बहुतेक पॉलिसींत तो तसाच छापलेला असतो. त्याच्या पहिल्या अर्ध्या वाक्यात लिहिलंय की कॉस्मेटिक वा प्लास्टिक सर्जरीचा, किंवा रूप बदलण्याच्या कोणत्याही उपचाराचा, खर्च मिळणार नाही. तुम्ही तिथेच थांबलात. त्याच वाक्याचा पुढचा भाग असा आहे की अपघात, भाजणं किंवा कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेसाठी ती असेल तर हे वगळणं लागू नाही. आणि विमाधारकाच्या तब्येतीला असलेला थेट, तातडीचा धोका दूर करायला ती वैद्यकीयदृष्ट्या गरजेची असेल तरीही नाही. गरज आहे की नाही याचा दाखला उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी द्यायचा. तुमच्या टेबलाने तो द्यायचा, असं कलमात कुठेही नाही.

भाजणं हा शब्द तिथे छापलेला आहे. आक्का भाजली होती याचा पुरावा शोधायला तुम्हाला कुठे जायचं होतं? तुमच्याच सिस्टीममध्ये तिचा आधीचा दावा होता, तुम्हीच मंजूर केलेला. ज्या भाजण्याचे पैसे तुम्ही दिले, त्याच भाजण्याने आवळलेली मान तुमच्या लेखी वर्षभरात हौस झाली. हे न वाचता झालं असेल तर तो निष्काळजीपणा आहे. वाचून झालं असेल तर त्याला काय म्हणायचं ते तुम्हाला माहीत आहे.

माझं म्हणणं कुणी उलटं लावू नये म्हणून लिहिते. नाक सरळ करायला, पोटाची चरबी काढायला, केस लावायला, सुरकुत्या घालवायला विम्याने एक पैसाही देऊ नये. ज्याला हौस आहे त्याने आपल्या पैशाने करावी, त्यात वाईट काही नाही. पण विम्याचा पैसा माझ्यासारख्या, मेहुण्यांसारख्या सगळ्यांच्या हप्त्यांचा असतो आणि तो आजाराला, जखमेलाच लागला पाहिजे. शेंडा उचलून घ्यायच्या नाकाच्या कागदावर 'नाकाचा पडदा वाकडा' असं लिहून दावा लावणारे दवाखाने आहेत, आणि त्यांना साथ देणारे रुग्णही आहेत. त्यांना पकडा. त्यात आम्ही तुमच्या बाजूला आहोत. पण ते पकडायला सीटी स्कॅन बघावा लागतो, श्वासाची तक्रार कधीपासून आहे ते विचारावं लागतं, ऑपरेशनची नोंद वाचावी लागते. त्या कष्टांऐवजी तुम्ही अर्जात 'प्लास्टिक' दिसलं की नाही म्हणून टाकता. यात लबाड सुटतो, कारण त्याने कागदावर तो शब्दच लिहिलेला नसतो. अडकते ती जिच्या डॉक्टरांनी खरं ते लिहिलं.

आता धुळ्याची एक गोष्ट ऐका. २ जुलै २०१२ ला राज्य सरकारने राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली तेव्हा पहिल्या टप्प्यात आठच जिल्हे होते आणि त्यात धुळे होतं. पुढच्या वर्षी ती सगळ्या महाराष्ट्रात गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं आणि मग ती आयुष्मान भारतशी जोडली गेली. या योजनेत पहिल्यापासून भाजलेल्या रुग्णांचे उपचार आणि प्लास्टिक सर्जरी हे विभाग आहेत. आयुष्मान भारतच्या पॅकेजांच्या यादीत तर भाजल्यानंतर आवळलेली कातडी मोकळी करण्याची शस्त्रक्रिया स्वतंत्र लिहिलेली आहे, हालचाल सुधारण्यासाठी म्हणून. मानेची वेगळी, बाकी अंगाची वेगळी. स्प्लिंट, दाबाचे कपडे, सिलिकॉन जेलचे पत्रे आणि फिजिओथेरपी हे सगळं त्याच पॅकेजच्या पैशात धरलेलं. ज्यांनी ती यादी केली त्यांना ठाऊक होतं की कातडी लावून रुग्णाला घरी पाठवलं आणि कॉलर दिली नाही, तर सगळा खर्च पाण्यात जातो. तुमच्याकडे न मिळणाऱ्या वस्तूंची जी छापील यादी असते तिच्यात सर्व्हायकल कॉलर आहे, स्प्लिंटही आहे.

म्हणजे रेशनकार्ड दाखवणाऱ्या बाईची मान सरकारला कळते, आणि हप्ता भरणाऱ्या बाईची मान तुम्हाला कळत नाही. कुणी विचारेल, मग योजनेतच का नाही केली? आक्काचे डॉक्टर ज्या हॉस्पिटलात ऑपरेशन करतात ते योजनेत अंगीकृत नव्हतं, आणि ज्यांनी पहिल्या दिवसापासून तिची जखम पाहिली त्यांना सोडून जायची तिची तयारी नव्हती. आणि साधी गोष्ट आहे, पॉलिसी होती. ती कशासाठी घेतात?

सरकारचंच दुसरं खातं बघा. करवाल्यांइतकं कोरडं खातं दुसरं नसेल. जीएसटी आला तेव्हा २८ जून २०१७ च्या अधिसूचनेत आरोग्यसेवेला करमाफी दिली गेली आणि हेअर ट्रान्सप्लांट, कॉस्मेटिक व प्लास्टिक सर्जरी तिच्यातून बाहेर ठेवली गेली. पण तिथेच पुढे लिहिलं की जन्मजात व्यंग, वाढीतला दोष, इजा किंवा आघात यांमुळे बिघडलेली शरीराची रचना वा काम पूर्ववत करण्यासाठी ती शस्त्रक्रिया असेल तर ती आरोग्यसेवाच. करअधिकाऱ्याला रचना आणि काम हे दोन शब्द सुचले. आरोग्य हाच ज्यांचा धंदा, त्यांच्या कलमात ते नाहीत.

आणि त्या कलमात आणखी एक शब्द नाही, 'जन्मजात'. ही तुमची चूक नाही, कलम लिहिणाऱ्यांची आहे, पण त्या फटीतून तुम्ही जे करता ते तुमचं. टाळू फाटलेलं बाळ आईचं दूध ओढू शकत नाही. दूध नाकातून बाहेर येतं. पुढे त्याचे शब्द नाकात अडकतात, कान सारखे फुटतात. ओठ शिवणं, टाळू शिवणं, मग दातांच्या हिरडीचं काम, असे टप्पे वर्षानुवर्षं चालतात. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, त्यात अंगणवाडीत आणि शाळेत जाऊन जी व्यंगं शोधायची आणि मोफत बरी करायची त्यांत दुभंगलेला ओठ आणि टाळू आहे. चोपडा-यावलच्या सातपुड्याच्या पायथ्याची, शिरपूरच्या पाड्यांवरची मुलं त्यातून ऑपरेशनला जातात. तेच बाळ पॉलिसीवर नाव असलेल्या कारकुनाच्या घरी जन्मलं तर त्याला बाह्य जन्मजात दोष किंवा रूपाचा उपचार म्हणून परत पाठवता येतं. नियामकाने १ एप्रिल २०२० पासून सगळ्या कंपन्यांना विकायला लावलेली 'आरोग्य संजीवनी' पॉलिसी काढून बघा. तिच्यात आजार वा इजेमुळे करावी लागणारी प्लास्टिक सर्जरी मिळणाऱ्या गोष्टींच्या रकान्यात लिहिलेली आहे. नियामकाला जे मिळालं पाहिजे असं वाटतं ते इतकं स्पष्ट आहे.

भाजण्याबद्दल एवढं लिहिलं कारण ते मी रोज पाहिलं. पुनर्रचनेची शस्त्रक्रिया लागणाऱ्या बाकीच्यांचंही हेच आहे. जळगाव शहराच्या पोटातून महामार्ग जातो. आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक, अजिंठा चौफुली ही नावं जळगावकर रस्ता ओलांडायची भीती म्हणूनच घेतात. धुळ्यात तर मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना कापतात. मोटारसायकलवरून पडलेल्या पोराचा जबडा आणि गालाचं हाड मोडतं, डोळ्याची खोबण खचते, एकाचे दोन दिसायला लागतात. अपघातग्रस्तांसाठी केंद्राने मे २०२५ मध्ये अधिसूचित केलेली कॅशलेस योजना दीड लाखापर्यंत आणि पहिल्या सात दिवसांपुरती आहे. चेहऱ्याची हाडं आणि कातडी पुन्हा जागेवर आणायचं काम त्या सात दिवसांत संपत नाही, ते महिन्यांनी तुमच्याकडे येतं. कर्करोगामुळे स्तन काढलेल्या बाईचं तर कलमात स्पष्ट नाव आहे. अमेरिकेने १९९८ मध्ये कायदाच केला की जो विमा स्तन काढायचे पैसे देतो त्याने तो पुन्हा उभा करायचे, आणि दुसरा स्तन त्याच्याशी जुळता करायचेही पैसे द्यायचे. आपल्याकडची बाई आधी मुंबईच्या वाऱ्या करून थकलेली असते. पुनर्रचना मागायला तिला लाज वाटते, कारण पहिला कागद हातात पडताच कुणीतरी विचारणार की आता या वयात कशाला. तुमचं पत्र त्याच माणसाच्या तोंडची भाषा बोलतं.

ॲसिड फेकलेल्या मुलींच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल २०१५ ला लक्ष्मी प्रकरणात सांगितलं की खासगी रुग्णालयांनीही त्यांच्यावर मोफत उपचार केले पाहिजेत, आणि उपचारांत पुनर्रचनेच्या शस्त्रक्रिया धरल्या. न्यायालयाला त्यात नखरा दिसला नाही.

हा प्रश्न नवा असल्यासारखं तुम्ही वागता, म्हणून दोनशेहून अधिक वर्षांपूर्वीचा एक मराठी माणूस मध्ये आणते. कावसजी नावाचा शेतकरी जातीचा मराठा, १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत बैल हाकत होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडलं आणि त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळ एका वीट करणाऱ्या कारागिराने मेणाचा साचा करून, कपाळाची कातडी मापाने कापून, तिचं बूड भुवयांमध्ये तसंच ठेवून ती खाली वळवली आणि नाक केलं. दोन इंग्रज डॉक्टरांनी ते डोळ्यांनी पाहिलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये त्याची हकीकत चित्रासह छापून आली आणि तिथून युरोपातल्या सर्जनांनी ही पद्धत उचलली. आज जगभर जिला प्लास्टिक सर्जरी म्हणतात, तिच्या इतिहासातलं हे ठळक पान एका गाडीवानाच्या कापलेल्या नाकाचं आहे. आणि त्या हकिगतीत हेही लिहिलंय की कावसजीला ईस्ट इंडिया कंपनीकडून पेन्शन मिळत होतं. लुटायला आलेल्या कंपनीला आपल्या गाडीवानाची जबाबदारी मानावी लागली. तुमची कंपनी तर हप्ता घेऊन जबाबदारी विकते.

आक्काचं ऑपरेशन आम्ही केलं. थांबलो असतो तर पट्टे आणखी घट्ट झाले असते. आक्काच्या पाटल्या जळगावच्या सराफाकडे गेल्या. त्याच दुकानातून तिच्या लग्नात घेतलेल्या. उरलेले पैसे मेहुण्यांनी दुकानाच्या मालावर उचलले. पट्टी सोडली त्या दिवशी तिने आधी छताकडे बघितलं, मग पंख्याकडे, आणि नर्सला म्हणाली की पंख्यावर किती धूळ बसलीय.

तुमच्या पत्राबद्दल मला आता नेमके प्रश्न आहेत. आयआरडीएआयच्या २९ मे २०२४ च्या मास्टर सर्क्युलरप्रमाणे कॅशलेसचा निर्णय एका तासात द्यायचा असतो. आमच्या क्वेरी कित्येक दिवस चालल्या, त्या कोणत्या नियमाने? त्याच सर्क्युलरप्रमाणे कंपनीच्या दावा पुनरावलोकन समितीच्या मंजुरीशिवाय कोणताही दावा नाकारता येत नाही. आक्काचा दावा त्या समितीपुढे कोणत्या तारखेला गेला, आणि तिथे एकाही डॉक्टरने तिच्या मानेचे फोटो पाहिले का? नकार देताना पॉलिसीतल्या नेमक्या अटीचा आधार द्यायचा असतो. तुम्ही कलमाचा अर्धा भाग दिलात, उरलेला अर्धा का गाळलात? वगळणारं कलम लागू होतं हे सिद्ध करायची जबाबदारी विमा कंपनीची आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ईशर दास मदन लाल प्रकरणात सांगून ठेवलंय. तुम्ही ती उचलून भाजलेल्या बाईच्या डोक्यावर ठेवलीत आणि तिच्याकडून 'मी नटायला चाललेली नाही' असा दाखला मागितलात.

हे पत्र पारोळा, अमळनेर, साक्री, शिरपूर, भुसावळकडे जे वाचतील त्यांच्यासाठीही थोडं लिहिते, कारण तुमचा निम्मा धंदा लोक गप्प बसतात यावर चालतो. पॉलिसीबरोबर ग्राहक माहिती पत्रक मिळतं, ते मराठीत मागायचा हक्क आहे. एजंटने 'भाऊ, सगळं कव्हर आहे' म्हटलं तरी त्यातला वगळलेल्या गोष्टींचा भाग वाचून घ्या. पॉलिसी पटली नाही तर ३० दिवसांत परत करता येते. डॉक्टरांना सांगा की अर्जात नुसतं ऑपरेशनचं नाव लिहू नका. भाजण्याची किंवा अपघाताची तारीख, कोणतं काम बंद पडलंय, मान किती मागे जाते, तोंड किती उघडतं याचं माप, आणि ऑपरेशन न केल्यास काय होईल, हे चार ओळींत लिहून सही-शिक्क्याने द्या. कलमात ज्या दाखल्याचा उल्लेख आहे तो हाच. नकार आला तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करायची. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. खान्देशासाठी लोकपालाचं कार्यालय पुण्याला आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. फक्त नकारानंतर वर्षाच्या आत जायला हवं. लोकपालाचा निवाडा कंपनीने ३० दिवसांत पाळला नाही तर दिवसाला ५ हजार रुपये दंड आहे. आणि जिल्हा ग्राहक आयोग जळगावातही आहे, धुळ्यातही. २०१९ च्या कायद्याने आपण जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, त्यासाठी मुंबईच्या हेड ऑफिसचं तोंड बघावं लागत नाही.

आम्ही लोकपालाकडे अर्ज केला आहे. त्यात ऑपरेशनचा सगळा खर्च मागितलाय, व्याजासह, आणि समितीच्या बैठकीचा कागदही मागितलाय.

आक्काचा ओठ अजून पूर्ण मिटत नाही. तोंडाच्या उजव्या कोपऱ्याचा पट्टा सोडवायचा दुसरा टप्पा दिवाळीनंतर करायचं डॉक्टरांनी ठरवलंय. पॉलिसी आम्ही बंद केलेली नाही, हप्ता वेळेवर भरलाय. प्री-ऑथ तुमच्याकडेच येईल. सोबत डॉक्टरांचा दाखला असेल, तोंड किती उघडतं याचं मिलिमीटरमधलं माप असेल, पहिल्या दाव्याच्या मंजुरीची प्रत असेल आणि तुमच्या आठव्या कलमाची झेरॉक्स असेल. त्या झेरॉक्सवर 'बर्न' या शब्दाखाली मी लाल पेनने रेघ ओढली आहे.

कळावे.

एका विमाधारकाची बहीण,
देवपूर, धुळे